घरची भाषा : मराठी
अमेरिकेतल्या मराठी पालकांना आणि मराठी शाळांच्या स्वयंसेवकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मुलाचं नाव नव्या शाळेत घालताना जो फॉर्मचा गठ्ठा भरावा लागतो, त्यात एक पान घरच्या भाषेचं असतं. बहुतेक राज्यांत त्यावर तीन प्रश्न असतात. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला शिकलं, घरात जास्त करून कोणती भाषा बोलली जाते, आणि मूल स्वतः घरी कोणती भाषा वापरतं. आपल्यापैकी पुष्कळ जण या तिन्ही रकान्यांत ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. त्यामागची भीती आम्हाला समजते : मुलाला ‘ईएसएल’मध्ये (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या वेगळ्या तासाला) टाकतील, वर्गातून उठवून नेतील, मागे पडलेला म्हणून शिक्का बसेल. आम्ही शाळा-डिस्ट्रिक्टांमध्ये (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये) केंद्रीय निधीचा हिशेब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं काम पाहणारी मराठी माणसं आहोत. त्या पानावरच्या उत्तराचा वॉशिंग्टनमध्ये चाललेल्या कायदाबदलाशी थेट संबंध आहे, म्हणून हे पत्र.

कायदा कोणता, ते आधी थोडक्यात. ‘एलिमेंटरी अँड सेकंडरी एज्युकेशन अॅक्ट’वर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी टेक्सासमधल्या आपल्या गावी, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून सही केली. २००२ साली त्याचं रूप ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ झालं, आणि १० डिसेंबर २०१५ पासून तोच कायदा ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अॅक्ट’ या रूपात लागू आहे. या रूपातल्या आर्थिक तरतुदींना दिलेली मुदत २०२० च्या आर्थिक वर्षाबरोबर संपली. कायदा रद्द झालेला नाही, दर वर्षीच्या खर्चाच्या मंजुरीवर तो चालू आहे. म्हणूनच दर वर्षीचं अंदाजपत्रक हे या कायद्याच्या दुरुस्तीचं मैदान झालं आहे.

अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा साधारण दहावा हिस्साच केंद्राकडून येतो, बाकीचा राज्याचा आणि स्थानिक मालमत्ताकराचा. मग या दहाव्या हिश्श्यासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण त्या पैशाच्या बदल्यात शाळेवर जी बंधनं येतात, ती मोठी आहेत. मुलांची गटवार मोजणी, तिसरी ते आठवीच्या परीक्षा, पालकांना ठरावीक दिवसांत पाठवायची पत्रं, हे सगळं या पैशाच्या अटींतून आलेलं आहे. सध्याचे प्रस्ताव पैसा कमी करतात तितकंच या अटीही सैल करतात, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते.

आता फॉर्मकडे परत. एखाद्या रकान्यात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आली, की शाळेने मुलाची एक छोटी चाचणी घ्यायची असते. न्यू जर्सी, इलिनॉय आणि इतर पुष्कळ राज्यांत ती ‘विडा’ या राज्यांच्या सामायिक गटाची असते, कॅलिफोर्नियात ‘एलपॅक’ची, न्यूयॉर्कची वेगळी. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे तिचे चार भाग असतात. किंडरगार्टनच्या सुरुवातीला बहुधा फक्त ऐकणं आणि बोलणं तपासतात. मूल त्यात पास झालं की विषय तिथेच संपतो, कोणताही शिक्का बसत नाही. पास झालं नाही तर ते ‘इंग्लिश लर्नर’ ठरतं. शाळावर्षाच्या सुरुवातीला निवड झाली असेल तर ३० दिवसांच्या आत, आणि वर्षाच्या मध्ये दाखल झालेल्या मुलाच्या बाबतीत दोन आठवड्यांत, शाळेने पालकांना कळवायचं असतं. मुलाची पातळी काय, ती कशी तपासली, शिकवण्याची पद्धत कोणती आणि त्यातून बाहेर पडायला काय लागतं, हे सगळं त्या पत्रात असायला हवं. हे पत्र आलं नाही तर मागा. तो तुमचा हक्क आहे.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. वेगळा तास घ्यायचा की नाही, हे पालक ठरवू शकतात. लेखी नकार दिला की शाळेला तो मानावा लागतो. पण नकार दिला म्हणून नोंद पुसली जात नाही. मूल पातळी गाठेपर्यंत दर वर्षी त्याची इंग्रजीची चाचणी होतेच. ‘विडा’च्या राज्यांत ती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येते. बाहेर पडण्याचा गुण प्रत्येक राज्याने स्वतः ठरवला आहे : इलिनॉयमध्ये एकूण ४.८, न्यू जर्सीत ४.५. एकाच चाचणीत ४.६ मिळवणारं मूल एका राज्यात बाहेर पडतं आणि दुसऱ्या राज्यात आणखी एक वर्ष आत राहतं. नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या कुटुंबांनी आधीच्या शाळेतून चारही भागांचे गुण असलेला कागद मागून घ्यावा. नुसता ‘लेव्हल’चा आकडा पुरत नाही.

चाचणीत चुका होतात का? होतात. पाच वर्षांचं मूल अनोळखी बाईसमोर तोंडच उघडत नाही आणि बोलण्याचे गुण पडतात, ही सगळ्यांत सरसकट दिसणारी चूक. त्यावर उपाय फेरतपासणीचा आहे. काही राज्यांनी त्यासाठी दिवसांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे पत्र हातात पडल्याच्या आठवड्यातच विचारणा करावी. फॉर्मवर खोटं उत्तर लिहिणं हा उपाय नव्हे. त्याचे तोटे हळूहळू समोर येतात. आजी-आजोबांजवळ वाढलेलं मूल खेळाच्या मैदानावर छान इंग्रजी बोलतं, पण तिसरीच्या विज्ञानाच्या धड्यातलं वाक्य त्याला उलगडत नाही. फॉर्मवर ‘इंग्लिश’ असल्यामुळे चाचणीच झालेली नसते. मग शिक्षक अडखळण्याचं कारण दुसरीकडे शोधतात आणि मूल विशेष शिक्षणाच्या तपासणीकडे जातं. तिथल्या तज्ज्ञाला घरी मराठी चालते हे ठाऊकच नसतं, त्यामुळे निष्कर्षही चुकण्याची शक्यता वाढते. जाता जाता हेही सांगतो : दोन भाषा ऐकल्यामुळे मुलाचं बोलणं उशिरा सुरू होतं, हा समज चुकीचा आहे. तसं सांगून कुणी घरातली मराठी बंद करायला लावत असेल, तर ऐकू नका.

मोठ्या मुलांचं निराळं आहे. मराठी माध्यमातून किंवा सेमी-इंग्रजीतून आठवी-नववी करून जे मूल इथे येतं, त्याचं गणित बहुधा वर्गाच्या पुढे असतं, पण शाब्दिक उदाहरणात ते अडकतं. अशा मुलाच्या नोंदणीच्या वेळी मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची विषयवार यादी इंग्रजीत करून न्या, नाहीतर शाळा त्याला खालच्या गणितात बसवते आणि हायस्कूल पूर्ण करायला लागणारी क्रेडिट मोजताना ते वर्ष वाया जातं. देशात येऊन १२ महिने झाले नसतील तर राज्य त्याला पहिल्या वर्षाच्या वाचनाच्या परीक्षेतून सूट देऊ शकतं. ही सूट केंद्रीय कायद्यातली आहे आणि शाळेतल्या कुणालाही ती आपणहून आठवत नाही.

आणखी एक : ‘हिंदी’ किंवा ‘इंडियन’ लिहू नका. शाळेच्या संगणकात प्रत्येक भाषेला तीन अक्षरांचा आंतरराष्ट्रीय संकेत असतो, आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची भाषावार संख्या राज्यांकडून केंद्राकडे त्याच संकेतांनी जाते. मराठीचा संकेत यादीत आहे. नाव नोंदवणाऱ्या बाईंना तो सापडला नाही तर त्या ‘इतर भारतीय’ निवडतात. काउंटरवर उभं राहून मराठी निवडून घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

एवढा आग्रह का, याचं उत्तर काही राज्यांच्या कायद्यांत आहे. इलिनॉयमध्ये एका शाळेत एकाच भाषेची २० इंग्लिश लर्नर मुलं झाली, की त्या भाषेतून आधार देणारा द्विभाषिक कार्यक्रम सुरू करावा लागतो. न्यू जर्सीत हीच संख्या पूर्ण डिस्ट्रिक्टसाठी २० आहे. टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टभर एकाच इयत्तेत २०. यातून सवलती आणि पळवाटाही आहेत, आणि मराठी शिक्षक मिळणं अवघड हेही खरं. पण वीस हा आकडा कागदावर कधी आलाच नाही, तर शिक्षक शोधण्याची वेळही कुणावर येत नाही. ज्या वस्त्यांत रविवारच्या मराठी शाळेत शंभर मुलं जमतात, त्याच वस्तीच्या डिस्ट्रिक्टकडे मराठीची नोंद बोटांवर मोजण्याइतकी असू शकते.

राज्यांना मिळणारा पैसाही मोजणीवर अवलंबून आहे. कायद्याचा तिसरा भाग, ज्याला सगळे ‘टायटल थ्री’ म्हणतात, त्याची २०२५ ची तरतूद ८९ कोटी डॉलर होती. राज्यांमध्ये तिची वाटणी करताना ८० टक्के वजन इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या संख्येला आणि २० टक्के वजन नव्याने आलेल्या स्थलांतरित मुलांच्या संख्येला आहे. ती संख्या प्रामुख्याने जनगणना खात्याच्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’मधून घेतली जाते. काही घरांना तो सर्व्हे टपालाने येतो. घरी इंग्रजीशिवाय कोणती भाषा बोलता, आणि इंग्रजी किती चांगलं बोलता, असं त्यात प्रत्येकाबद्दल विचारलेलं असतं. ‘व्हेरी वेल’च्या खालचं उत्तर दिलेलं मूलच हिशेबात धरलं जातं. अभिमानाने आपण सगळ्यांसाठी पहिल्याच चौकटीवर खूण करतो. खूण खरी असेल तर जरूर करा, पण सहा महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ती खरी नसते. याच सर्व्हेच्या भाषांच्या तपशीलवार तक्त्यात आपण ‘नेपाळी, मराठी व इतर भारतीय आर्य भाषा’ अशा एकाच ओळीत बसतो.

एवढ्या पार्श्वभूमीवर आता प्रस्ताव.

२०२६ च्या अंदाजपत्रकासाठी प्रशासनाने जी मागणी मांडली, तिच्यात टायटल थ्रीची तरतूद शून्य केली होती. त्याशिवाय १८ वेगवेगळ्या योजना एकत्र करून २ अब्ज डॉलरची एक मोकळी रक्कम राज्यांना द्यायची, असंही त्यात होतं. या अठरा योजनांची आधीची बेरीज साडेसहा अब्जांच्या आसपास होती. कोणत्या वर्षी काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) किती मान्य केलं, हे दर वर्षी बदलेल. कल्पना मात्र जुनी आहे. १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने दोन डझनांहून अधिक योजना गुंडाळून असंच एक सामायिक खातं केलं होतं. शहरांतल्या शाळांमधली वंशभेदी विभागणी मोडण्यासाठीचा निधी त्यात विरघळला आणि मोठ्या शहरांना फटका बसला. पुढे त्या खात्याला कुणी वाली उरला नाही. पैसा ज्या मुलांसाठी आहे त्यांचं नाव खात्यावर नसलं, की तो वाढवा म्हणून भांडायलाही कुणी येत नाही. ते खातं कसंबसं चालत राहिलं आणि शेवटी बंद झालं.

टायटल थ्रीचा पैसा तसा फार नाही. देशात इंग्रजी शिकणारी मुलं पन्नास लाखांच्या घरात आहेत, म्हणजे एका मुलामागे वर्षाला दोनशे डॉलरसुद्धा पडत नाहीत. डिस्ट्रिक्टचा वाटा दहा हजार डॉलरपेक्षा कमी भरत असेल तर त्याला तो एकट्याला मिळतच नाही, शेजारच्या डिस्ट्रिक्टांबरोबर गट करावा लागतो. मग हा भाग गेला तर काय बिघडतं?

बिघाड आहे तो दोन भागांच्या जोडणीत, आणि तो प्रस्ताव लिहिणाऱ्यांच्याही नजरेतून सुटलेला दिसतो. मुलांच्या इंग्रजीची वार्षिक चाचणी घ्या आणि तिच्या निकालावर शाळेला जबाबदार धरा, ही अट २०१५ पासून टायटल वनमध्ये, म्हणजे याच कायद्याच्या पहिल्या भागात आहे. मूल ‘इंग्लिश लर्नर’ कधी ठरतं आणि त्यातून कधी बाहेर पडतं, याची पद्धत राज्यभर एकच असली पाहिजे, ही अट टायटल थ्रीमध्ये आहे. टायटल थ्री उडवून टायटल वन तसाच ठेवला, तर चाचणी राहते, शाळेवरचा दोष राहतो, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा पैसा जातो, आणि शिक्का कधी लागेल व कधी निघेल याचा राज्यभरचा सारखा नियमही जातो. ज्या शिक्क्याला भिऊन आपण फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहितो, तो काढण्याची पायरीच या बदलात निखळते.

इथे एक दिलासा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला शिक्षण समजेल अशी व्यवस्था करणं, हे शाळेचं कर्तव्य या निधीतून आलेलं नाही. ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून, १९७४ च्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आणि त्याच वर्षीच्या समान शैक्षणिक संधी कायद्यातून आलं आहे. उलट टायटल थ्रीचा पैसा या मूळ कर्तव्यावर खर्च करायला मनाईच आहे, तो त्यावरचा जादा पैसा असतो. त्यामुळे ‘निधी बंद झाला, आता आमच्याकडे सोय नाही’ असं शाळा म्हणाली तर ते कायद्याला धरून नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने या कर्तव्यावरचं २०१५ चं सविस्तर मार्गदर्शन मागे घेतलं. मार्गदर्शन गेलं, कायदा आणि निकाल जागेवर आहेत. शाळेशी बोलताना हा फरक लक्षात ठेवा.

टायटल वनमध्ये बदल हवा असं आम्हीही म्हणतो, आणि तो आपल्यातल्या पुष्कळांच्या सोयीचा नाही. साधारण १८.४ अब्ज डॉलरचा हा निधी गरीब मुलांच्या शाळांसाठी आहे. तो एकाच सूत्राने वाटला जात नाही, चार सूत्रं एकावर एक रचलेली आहेत. त्यातल्या एकात प्रत्येक गरीब मुलाला वजन दिलं जातं (वजन जास्त, तितका निधीतला वाटा मोठा), आणि ते दोन पद्धतींनी काढून मोठं ठरेल ते धरतात : एक गरिबीच्या टक्केवारीवर, दुसरं गरीब मुलांच्या नुसत्या संख्येवर. संख्येच्या पद्धतीत पहिल्या ६९१ मुलांना प्रत्येकी १, पुढच्यांना २,२६२ पर्यंत दीड, त्यापुढे ७,८५१ पर्यंत २, असं ते वाढत जातं. समजा एका मोठ्या उपनगरी डिस्ट्रिक्टमध्ये ४०,००० मुलं आहेत आणि त्यांतली १० टक्के, म्हणजे ४,००० गरीब आहेत. संख्येच्या पद्धतीने त्यांचं एकूण वजन सुमारे ६,५२४ होतं, दर मुलामागे १.६३. दुसरीकडे १,००० मुलांचं खेडेगावातलं डिस्ट्रिक्ट घ्या, २०० गरीब, म्हणजे २० टक्के. टक्केवारीच्या पद्धतीने त्यांचं वजन सुमारे २३३, दर मुलामागे १.१७. दुप्पट गरिबी असलेल्या गावातल्या मुलाला कमी वजन, आणि सुखवस्तू उपनगरातल्या मुलाला जास्त. आपली बरीच कुटुंबं अशाच मोठ्या उपनगरांत राहतात. तरीही ही संख्येची पद्धत काढून टाकावी, आणि चारऐवजी टक्केवारीवर चालणारं एकच सूत्र ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. अशा दुरुस्तीला विरोध करणारं पत्रक तुमच्या डिस्ट्रिक्टकडून आलं, तर सही करण्याआधी हे गणित स्वतः करून पाहा.

‘पैसा मुलाच्या पाठीमागे जाऊ द्या’ असा एक लाडका प्रस्ताव आहे. ऐकायला न्याय्य वाटतो. पण गरिबी एका जागी साचली की शाळेचं काम पटीने अवघड होतं, आणि कायद्याचा पैसा त्या साचण्यासाठी आहे. तो मुलागणिक सुटा केला, की गरीब वस्तीतल्या शाळेतून थोडा थोडा निघून श्रीमंत वस्तीतल्या शाळांत पातळ होऊन पसरतो, आणि कुठेच एका शिक्षकाचा पगारसुद्धा निघत नाही.

परीक्षांबद्दल पालकांची चीड आम्हाला रोज ऐकू येते. इथे आधी मोजून घेऊ. केंद्रीय कायदा शालेय आयुष्यात एकूण १७ परीक्षा मागतो. वाचन आणि गणित तिसरी ते आठवी दर वर्षी आणि हायस्कूलमध्ये एकदा, म्हणजे चौदा. विज्ञान प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल अशा टप्प्यांवर एकेकदा, म्हणजे तीन. तुमच्या मुलाला वर्षात याहून कितीतरी जास्त चाचण्या असतील, तर त्या राज्याच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या आहेत. कोणती चाचणी कोण मागतं, कशासाठी, आणि तिला किती वेळ लागतो, याची माहिती इयत्तावार जाहीर करणं टायटल वनचा निधी घेणाऱ्या डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. ती यादी वेबसाइटवर शोधा, नसेल तर मागा. ती हाती आल्यावर कोणत्या दारात जायचं ते कळेल.

दर वर्षीऐवजी टप्प्याटप्प्यानेच परीक्षा घ्याव्यात, असाही एक प्रस्ताव आहे. आमचा त्याला विरोध आहे. कारण पुन्हा मोजणीच. शाळेचा निकाल गटवार सांगायचा असेल तर गटात किमान काही मुलं लागतात. हा किमान आकडा राज्यं ठरवतात, बहुतेक ठिकाणी १० ते ३० च्या दरम्यान. किमान आकडा २० असेल आणि एका शाळेत तिसरी ते पाचवी मिळून २४ इंग्लिश लर्नर असतील, तर गट दिसतो. फक्त पाचवीची परीक्षा ठेवली तर तिथे आठच उरतात, आणि तो गट अहवालातून नाहीसा होतो. मुलं शाळेत असतात, अहवालात नसतात. आपल्यासारख्या विखुरलेल्या, छोट्या संख्येच्या समाजांना याचा फटका सगळ्यांत आधी बसतो.

‘एशियन’ हा रकाना तर याहून फसवा आहे. त्यात भारतीय, चिनी, हमोंग, बर्मी, बांगलादेशी सगळे एकत्र. सरासरी उत्तम निघते आणि तिच्याखाली अडखळणारं मूल झाकलं जातं, मग ते हमोंग निर्वासिताचं असो की नुकतंच सोलापूरहून आलेलं. २८ मार्च २०२४ रोजी केंद्राने वंशाच्या नोंदीचे निकष बदलले आणि ‘एशियन इंडियन’सारखे पोटगट नोंदवायला सांगितले. केंद्रीय खात्यांना त्यासाठी तेव्हा मार्च २०२९ पर्यंत मुदत दिली होती. शाळांच्या निकालांत मात्र हे पोटगट दिसलेच पाहिजेत, असं शिक्षणाच्या कायद्यात कुठेही नाही. ते तिथे यायला हवं.

तर काँग्रेसकडे मागायचं ते असं. टायटल थ्री स्वतंत्र ठेवा. तो एकत्र करायचाच असेल, तर प्रवेश आणि निर्गमनाचा राज्यभर समान नियम टायटल वनमध्ये आणा. पालकांना ३० दिवसांत मिळणारं पत्र कोणत्याही सवलतीखाली रद्द होऊ देऊ नका. टायटल वनच्या वाटपातलं संख्येचं वजन काढा. मोठ्या वंशगटांचे निकाल पोटगटांनुसार जाहीर करा. आणि ‘इंग्लिश लर्नर’मधून बाहेर पडलेल्या मुलाची घरची भाषा नोंदीतून पुसू नका, म्हणजे हायस्कूलच्या शेवटी ‘सील ऑफ बायलिटरसी’साठी (दोन भाषा लिहिता-वाचता येतात याच्या अधिकृत मोहोरेसाठी) त्या मुलांपर्यंत शाळेला पोचता येईल. मराठी शाळांच्या दृष्टीने ही शेवटची मागणी फार कामाची आहे. पहिलीत मराठी बोलणारं मूल बारावीत कुठे आहे, हे आज डिस्ट्रिक्टला सहसा सांगता येत नाही.

पत्र तुमच्या मतदारसंघाच्या एका प्रतिनिधीला आणि राज्याच्या दोन सेनेटरांना पाठवायचं. त्यांची कार्यालयं झिप कोड पाहूनच पत्र वाचायला घेतात, म्हणून पूर्ण पत्ता लिहा. मजकूर एका पानात बसवा, एका पत्रात एकच मागणी मांडा, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टचं नाव घाला. एकसारखी छापील पत्रं शंभर गेली तरी तिथे त्यांची नोंद एका मुद्द्याखाली होते. चार जणांनी आपापल्या शाळेचा तपशील घालून लिहिलेली चार पत्रं जास्त वाचली जातात. एच-१बी, एच-४ किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनाही पत्र लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे. मतदान मात्र नागरिकांनाच, आणि निवडणुकीच्या प्रचाराला देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. व्हिसावर असलेल्यांनी या बाबतीत चुकूनही गफलत करू नये.

काँग्रेसइतकंच महत्त्वाचं दार तुमच्या राज्याच्या शिक्षण खात्याचं आहे. राज्याला आपल्या आराखड्यावर किमान ३० दिवस जनतेची मतं मागवावी लागतात, आणि कायद्यातल्या अटींतून सूट मागण्याआधीही जाहीर सूचना देऊन मतं घ्यावी लागतात. अटी सैल होण्याची सुरुवात बऱ्याचदा अशा सवलतीच्या अर्जातून होते, आणि त्या मुदतीत मतं पाठवणारे थोडेच असतात. प्रत्येक मराठी शाळेने एका स्वयंसेवकाकडे महिन्यातून एकदा राज्याच्या शिक्षण खात्याचं पान पाहण्याचं काम द्यावं.

डिस्ट्रिक्टच्या पातळीवर टायटल वन शाळेत दर वर्षी पालकांची एक सभा घ्यावीच लागते. ज्या डिस्ट्रिक्टला या खात्यात पाच लाख डॉलरपेक्षा जास्त मिळतात, त्यांनी त्यातला किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी ठेवायचा आणि त्यातला नव्वद टक्के शाळांना द्यायचा असतो. दुभाष्या, संध्याकाळच्या सभेत मुलांना सांभाळण्याची सोय, मराठीतून सूचनापत्र, हे त्यातून मागता येतं. ‘त्यातून किती खर्च झाला आणि कशावर’ हा प्रश्न सभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

राहिली एक शंका, जी सध्या सगळ्यांच्या मनात आहे : घरी मराठी बोलतो असं लिहिलं तर व्हिसाची भानगड होईल का? घरच्या भाषेचं पान तुमचा इमिग्रेशनचा दर्जा विचारत नाही. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालानुसार त्या दर्जावरून मुलाला शाळेत घ्यायला नकारही देता येत नाही. मुलाच्या शालेय नोंदींना गोपनीयतेचा वेगळा केंद्रीय कायदा लागू आहे. शाळेने नोंदणीच्या वेळी पासपोर्टवरचा व्हिसा दाखवा म्हटलं, तर वय आणि पत्ता यांचे दुसरे पुरावे चालतील का, असं विचारा. जन्मदाखला आणि घरभाड्याचा करार बहुतेक ठिकाणी पुरतो.

मूल आधीच शाळेत असेल आणि फॉर्मवर ‘इंग्लिश’ लिहून झालं असेल, तर दुरुस्ती करता येते. शाळेच्या कार्यालयात घरच्या भाषेचा फॉर्म पुन्हा मागा, ‘दुरुस्त प्रत’ असं वर लिहा, तारीख घाला आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. मूल तिसरी-चौथीत पोचलेलं असून वर्गात छान चाललं असेल, तर शाळा कदाचित चाचणीही घेईल. ते त्यात पास झालं, तर नोंदीत फक्त भाषेचं नाव बदलेल.

आपले,
शाळा-डिस्ट्रिक्टांत केंद्रीय निधी आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं काम पाहणारे काही मराठी सहकारी